फराळाच्या डब्यावर काय लिहायचं

शुक्रवार, सव्वीस सप्टेंबर, नवरात्रातली पाचवी माळ. रक्कम एक लाख वीस हजार रुपये, चेकने. हजर: मी, माझी बायको, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर बाई आणि समोर येरवड्यातल्या एका गटाच्या सहा बायका. पैसे घालणाऱ्या आमच्या चार घरांपैकी चौथं परगावी गेलं होतं, पण त्यांचे तीस हजार आधीच जमा झालेले होते. जागा त्या बायकांचा गाळा, दहा बाय चौदा. चहा त्यांनी पाजला.

मी एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतो. कोण हजर होतं आणि किती दिले, हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरात यावरून माझी पुष्कळ चेष्टा होते.

आमच्या चार घरांचा हा निधी काही मोठा नाही. पूर्वी आम्ही दर दिवाळीला वर्गणी काढून काहीतरी वाटत असू. एका वर्षी ब्लँकेटं वाटली. पंधरा दिवसांनी शेजारी आठवडी बाजारात गेले, तर आमच्यातली तीन ब्लँकेटं तिथे विकायला टांगलेली. त्यांनी किंमत विचारली, परत आले आणि म्हणाले, "आपल्याला चारशेला पडली होती, तिथं दीडशेला मिळतायत. पुढच्या वर्षी तिथूनच घेऊ." आम्ही हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. त्या लोकांना पैसे हवे होते, ब्लँकेट नको होतं, आणि आम्ही विचारलंच नव्हतं. तेव्हापासून वाटणं बंद केलं. एखादा धंदा उभा करणाऱ्यांना बिनव्याजी पैसे द्यायचे, त्यांनी ते फेडायचे आणि फिटले की पुढच्या कुणाला द्यायचे, असं ठरलं. पैसे आमच्याकडे कायमचे परत येत नाहीत, आणि त्यांच्याकडेही दान म्हणून राहत नाहीत.

या सहा जणींपैकी मुख्य ताई आमच्याकडे चार वर्षं पोळ्या करायला येत. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांनी घरकाम सोडलं, पाच जणी गोळा केल्या आणि हा गाळा भाड्याने घेतला. रोजच्या पोळ्यांवर भाडं निघत होतं, त्यापलीकडे फारसं काही उरत नव्हतं. मग खराडीतल्या एका कंपनीकडून दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आली. साडेतीनशे डबे, चारशे ऐंशी रुपयांना एक. कंपनी आगाऊ देणार नव्हती आणि बँकेचं कर्ज दिवाळीनंतर मिळणार होतं. म्हणून आमचा निधी.

चेक हातात घेताना ताईंनी एक अट घातली. आम्ही नव्हे, त्यांनी.

"दिवाळीत पैसे फिटले न्हाईत तर आम्ही गाळा सोडनार. परत घरकामाला जानार आन् तुमचे फेडनार. मागं लावून घ्यायचं न्हाई कुनाला."

"अहो, इतकं कशाला?" डॉक्टर बाई म्हणाल्या.

"बुडाले तर चकल्या घेऊ त्याच्या," शेजारी म्हणाले. "माझे दात आहेत अजून, आणि नसले तरी बाई आहेतच."

सगळ्या हसल्या. ताईही हसल्या, पण अट त्यांनी मागे घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात माल आला. डाळी, बेसन, रवा, खोबरं, तेल, तूप मिळून चौऱ्याऐंशी हजार. डबे आणि आतल्या पिशव्या बारा हजार दोनशे पन्नास. गाळ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि भाजणीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायला लागला.

त्याच्या आधी, सप्टेंबरच्या मध्यावर, कंपनीतली एक मुलगी फोटो काढायला येऊन गेली होती. सामाजिक कामाचं बघते ती; पंचवीस-सव्वीसची, स्वभावाने गोड. फोटो म्हणून सहाही जणींनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. ताईंची जांभळी होती. मुलगी जरा घुटमळली आणि म्हणाली, "ॲक्च्युअली, थोडं साधं काही आहे का? रोजच्यासारखं?" बायकांनी रोजच्या साड्या नेसल्या. मग ती म्हणाली, "हसू नका ना, प्लीज." त्याने त्या जास्तच हसल्या, आणि फोटोला एक तास लागला. त्या दिवशी हा एक गमतीचा किस्सा होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी कंपनीकडून स्टिकर आले. साडेतीनशे, चकचकीत, डब्याच्या झाकणावर लावायचे. त्यावर ताईंचा फोटो, नजर खाली, आणि शेजारी इंग्रजीत दोन ओळी. मी तेव्हा मालाची बिलं घ्यायला गाळ्यात गेलो होतो. ताईंच्या सुनेने वाचून दाखवलं.

"'आपल्या या डब्यामुळे एका वंचित कुटुंबाची दिवाळी उजळेल.' असं आहे, आई."

"वंचित म्हंजे आपन?"

"हो."

"आन् फराळाचं काय लिवलंय?"

"फराळाचं काही नाही."

"चकली, करंजी, काईच न्हाई?"

"नाही. खाली कंपनीचं नाव आहे."

ताईंनी स्टिकरचा गठ्ठा उचलला आणि फळीवर पालथा ठेवला. म्हणाल्या, "हे लावायचं न्हाई."

मी म्हटलं, "ताई, एक वर्ष जाऊ द्या. शहाण्णव हजार दोनशे पन्नास खर्च झालेत. ऑर्डर गेली तर हा माल इतक्या थोड्या दिवसांत किरकोळ विकला जायचा नाही."

"काका, तुम्हाला सांगते. म्या वीस वर्सं लोकांच्या घरी काम केलं. हापिसातनं असले डबे यायचे, गरिबांनी केलेले म्हनून. कुनी उघडत न्हाई. बाई म्हनायची, घेऊन जा तुला. माझ्या पिशवीत. न्हाईतर वॉचमनच्या हातात." त्यांनी पालथ्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "म्हंजे आता आम्ही तळायचं, आन् आमचाच डबा फिरून आमच्याच वस्तीत यायचा."

सून खुदकन हसली. मला हसता आलं नाही. माझ्या डोक्यात आकडा फिरत होता.

"एकदा गरीब म्हनून घेतला की पुढच्या वर्षी दुसरा गरीब शोधत्यात," ताई म्हणाल्या. "चकली आवडली म्हनून घेतला तर परत येत्यात."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती. मी म्हटलं, बाई हट्टाने सहा घरांचं नुकसान करतील. तिने मान वर केली नाही.

"अहो, कुणाकडून फराळाचं ताट आलं की तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

"खातो."

"आणि मग?"

मी खिशातली मालाची बिलं काढून लावायला लागलो.

"मग नावं ठेवता. तुमच्या बहिणीच्या अनारशांना तुम्ही काय म्हणाला होतात ते सांगू का? तरी ती दरवर्षी पाठवते. ताई चार वर्षं आपल्याकडे होत्या, दर दिवाळीला आपण त्यांना डबा भरून दिला. त्यांच्या घरचा आपण कधी मागितला?"

मागितला नव्हता. त्यांच्या हातची चकली आमच्याच घरात, आमच्याच चुलीवर तळलेली, आम्ही पाहुण्यांना 'घरची' म्हणून देत होतो. त्याबद्दल बायकोलाही वाईट वाटत असावं, कारण तिने ती मेथीची जुडी दोनदा निवडली.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि ताईंबरोबर खराडीला गेलो. त्या नको म्हणाल्या असत्या तर गेलो नसतो, पण त्या म्हणाल्या, "हिशेबाचं विचारलं तर तुम्ही बोला. बाकी मी बोलते." त्यांनी ती जांभळी साडी नेसली होती. हातात स्टीलचा डबा. खाली सुरक्षारक्षकाने तो उघडून बघितला, आत वाकून वास घेतला आणि फार सावकाश बंद केला.

ती मुलगी आम्हाला एका काचेच्या खोलीत घेऊन गेली. ताईंनी एक स्टिकर टेबलावर ठेवला आणि हा नको म्हणून सांगितलं. मुलगी गोंधळली.

"काका, ॲक्च्युअली डिझाइन अप्रूव्ह झालंय. वरच्यांना इम्पॅक्ट दाखवायचा असतो ना. त्यावर लिहिलं नाही तर मी हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्याच्या पैशात टाकू कशी?"

ती माझ्याशी बोलत होती. मी ताईंकडे बघितलं, म्हणजे तिनेही तिकडे बघावं.

"ताई," ताई तिला म्हणाल्या, "तुम्ही चव बघितली का?"

"सॅम्पल आलं होतं ना. हो, आहे." तिने मागचं कपाट उघडलं. बारा दिवसांपूर्वी पाठवलेला डबा तिथे होता, तो तिने टेबलावर ठेवला. त्याची चिकटपट्टी जशीच्या तशी. मुलीचा चेहरा लाल झाला. "आम्ही आधी कागदपत्रं बघतो. आणि फोटो. मी डाएटवर आहे, म्हणून..."

"मग दुसऱ्या कुनाला बोलवा. आम्ही थांबतो."

तेवढ्यात तिच्याकडे कसली तरी सही घ्यायला एक गृहस्थ आले. कंपनीच्या प्रशासनाचं काम बघणारे, निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. टेबलावर डबा बघून त्यांनी सही बाजूला ठेवली.

"काय उघडताय?"

"सर, हे फराळाचं सॅम्पल. बारा दिवसांपूर्वीचं."

त्यांनी परवानगी विचारली नाही. चिकटपट्टी काढली, चकली कानाजवळ नेऊन मोडली, आवाज ऐकला आणि तुकडा तोंडात टाकला.

"चकली कोणी केली?"

"मी," ताई म्हणाल्या.

"खुसखुशीत आहे. बारा दिवसांची वाटत नाही. पण तिखट जपून टाकलंय. घाबरलात?"

"पोरं खानार म्हनून कमी टाकलं."

"आमची पोरं रोज दुपारी शेजवान खातात. टाका बिनधास्त." मग त्यांनी करंजी घेतली. एक घास खाल्ला आणि उरलेली हातात धरून हलवली. "ही मात्र फसली. सारण खुळखुळतंय. कोरडं आहे. आमच्या घरी अशी करंजी आली तर मंडळी परत पाठवतील."

एवढं अंतर येऊन, स्टिकर राहिला बाजूला, आता मालच नापसंत. मी ताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला वाटला तसा झाला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली होती.

"सुटं हाय, खरं हाय," त्या म्हणाल्या. "टिकावं म्हनून खवा घातला न्हाई."

"खव्याने आठ दिवसांत वास येतो. बरोबर केलंत. पण मग तूप तरी हवं. रवा तुपावर चांगला भाजा, आणि खोबरं इतकं भाजू नका, जळकट लागतं."

"खोबरं जळकट न्हाई."

"आहे."

ताईंनी उरलेली करंजी उचलली, खाल्ली, चावत राहिल्या. "किंचित हाय," त्या म्हणाल्या. "दुसरीनं भाजलंय ते. बघते मी."

"बघा." त्यांनी चिमूटभर चिवडा तोंडात टाकला. "चिवडा उत्तम. त्याला हात लावू नका."

मुलगी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. गृहस्थांनी मग टेबलावरचा स्टिकर घेतला, चष्मा नाकावर आणला, वाचला.

"यात फराळ कुठे आहे?" ते मुलीला म्हणाले. "आपल्याकडे साखरेचे पेशंट आहेत, एकाला शेंगदाणा चालत नाही. डब्यात काय आहे, कधी केलंय, किती दिवस टिकेल, हे लिहायचं सोडून तू त्यांची घरची परिस्थिती लिहितेस?"

"पण सर, सीएसआर..."

"मग नको घालू त्यात. माझ्यात घाल. कर्मचाऱ्यांच्या दिवाळी भेटीचे पैसे माझ्याकडे आहेत, आणि या वर्षीचं अजून ठरलेलं नाही. तू तुझ्या पैशात आणखी कुणाचं तरी भलं कर." ते ताईंकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "पण मग मी दान म्हणून घेणार नाही, सांगून ठेवतो. वजन कमी भरलं तर बिल कापीन. करंजी फुटकी निघाली तर डबा परत. आणि चारशे ऐंशी जास्त आहेत. चारशे पन्नास."

मी तोंड उघडलं होतं. ताईंनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला.

"आता तूप वाढवायला सांगितलं तुम्ही," त्या म्हणाल्या, "आन् भाव कमी करता?"

"तूप वाढलं, खोबऱ्याचं जळण वाचलं."

"चारशे पंच्याहत्तर."

"साठ."

"सत्तर. त्याच्याखाली मी उठते."

"बसा. सत्तर. पण पैसे माल मोजून घेतल्यावर."

"मोजल्यावर किती दिसांनी?"

गृहस्थांनी पहिल्यांदा जरा आदराने बघितलं. "तीन दिवसांत," ते म्हणाले.

लिफ्टमध्ये मला जाणवलं की माझा शर्ट पाठीला चिकटलाय. मी मनात हिशेब केला: डब्यामागे दहा रुपये गेले, म्हणजे साडेतीन हजार गेले, आणि बाकी सगळं वाचलं. खाली आल्यावर मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो आणि दोन चहा सांगितले. ताई उभ्याच राहिल्या. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

"लई भांडला बाबा," त्या म्हणाल्या. "चांगला मानूस हाय."

"ताई, त्याने करंजीला नावं ठेवली."

"म्हनूनच की."

नवा मजकूर मी आणि सुनेने मिळून केला. पाच पदार्थ, कशाकशाचे आहेत, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, गटाचं नाव, फोन. काळी अक्षरं, पांढरा कागद, फोटो नाही. शेजाऱ्यांना दाखवला. ते म्हणाले, "आधीचा वाचून रडू यायचं, हा वाचून भूक लागते. छापा." लेबलामागे तीन रुपये पडले.

तेरा ऑक्टोबरला टेंपोने डबे खराडीला गेले. त्या गृहस्थांनी खरोखरच दहा डबे उघडून वजन केलं. एकही कमी भरला नाही. दोन जास्त भरले, त्यावर ते म्हणाले, "असं भरलंत तर धंदा बुडेल." सहा डब्यांत करंज्या फुटलेल्या निघाल्या. ताई जास्तीच्या करंज्या सोबत घेऊनच गेल्या होत्या; तिथेच बदलून दिल्या. खोबरं या वेळी त्यांनी स्वतः भाजलं होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांचा फोन आला. इतक्या खुशीत होत्या की मला वाटलं, पैसे आले.

"काका, आज दोन तक्रारी आल्या!"

"कसल्या?"

"एक बाई म्हनल्या, शंकरपाळ्यात गोड कमी. एक सायेब म्हनले, चकली संपली, दिवाळीच्या चार दिवसांच्या डब्यात पाचच कशा? मी म्हनलं, तुम्ही एका दिवसात खाल्ल्या, त्याला आम्ही काय करनार. त्यांनी किलोभर सांगितल्यात. आन् त्या गोडवाल्या बाईनं रोजच्या पोळ्या लावल्यात, वीस."

फोन ठेवल्यावर मी जरा वेळ गॅलरीत उभा राहिलो. आम्ही इतकी वर्षं जे काही वाटलं, त्याची कुणी कधी तक्रार केली नव्हती. ब्लँकेट आखूड आहे, तांदूळ जुना आहे, वह्या एकेरी रेघेच्या हव्या होत्या, असं एकही माणूस म्हणाला नाही. आम्ही त्याचा अर्थ असा लावत होतो की सगळ्यांना सगळं आवडलं. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला काय किंमत द्यायची, हे हिशेबाच्या माणसाला आधी सुचायला हवं होतं. असो. ताईंना नाही म्हणता आलं, त्यांच्या करंजीला कुणी नाही म्हणालं, आणि या दोन्हींतून ऑर्डर टिकली. मला त्या आठवड्यात शांत झोप लागली, एवढं खरं.

कंपनीचे पैसे सोळा तारखेला, गुरुवारी, जमा झाले. धनत्रयोदशीला शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा गाळ्यात बसलो. या वेळी चौथ्या घरचं जोडपंही होतं. गाळ्याचा करार पुढच्या अकरा महिन्यांसाठी करायचं ताईंनी आदल्या दिवशीच मालकाला कळवलं होतं.

मिळाले: साडेतीनशे डब्यांचे चारशे सत्तरप्रमाणे एक लाख चौसष्ट हजार पाचशे. माल, डबे, गॅस आणि टेंपो मिळून एक लाख तीन हजार लागले होते, म्हणजे निधीतले सतरा हजार शिल्लक होते. एकूण एक लाख एक्याऐंशी हजार पाचशे. त्यातून लेबलं छापणाऱ्याला एक हजार पन्नास दिले. सहा जणींना प्रत्येकी दहा हजार. दोघींनी रोख मागितले, चौघींच्या खात्यावर गेले. गटाच्या खात्यात चारशे पन्नास राहिले. निधीला एक लाख वीस हजार पूर्ण परत आले आणि तीन नोव्हेंबरला ते खडकीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या चार जणींना दिले.